नळीचे अडीच इंच

बेंगळुरूत महादेवपुऱ्याला माझ्या मुलाचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. बाल्कनीतून समोर एका कंपनीची काचेची इमारत दिसते आणि तिच्या पायाशी गाड्या लावायची मोठी जागा. त्या जागेवर पूर्वी द्राक्षाचा मळा होता. हे मी मुलाला सांगितलं तेव्हा तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "बाबा, इथे सगळीकडेच आधी काहीतरी होतं."

खरं आहे. पण त्या मळ्यात एका तरुणाचा उजवा डोळा गेला. बंदूक त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाच्या हातात होती. चाप ओढताना भावाचा हात हलला असं पोलिसांनी लिहून घेतलं, घरच्यांनी मानलं आणि पुढे त्या भावानेही मानलं. हे सगळं माझ्या शब्दावर झालं. हात हलला नव्हता. मला ते महिन्याभरात कळलं आणि नंतरची पंचेचाळीस वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही.

मी मूळचा निपाणीकडचा. विसाव्या वर्षी बेंगळुरूला आलो, कॅन्टोन्मेंट भागातल्या एका बंदुकांच्या दुकानात लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. आमची गिऱ्हाइकं म्हणजे कॉफीच्या मळ्यांचे मालक, फौजेतून निवृत्त झालेले साहेब, बँकांचे पहारेकरी आणि शहराबाहेरचे बागाईतदार. बागाईतदारांना परवाना मिळायचा तो पिकाच्या राखणीसाठी, आणि त्यांतले बरेचजण स्वतःच्याच बंदुकीला बिचकून असत. मालकांचा दंडक होता की विकलेल्या मालाची माहिती नीट द्यायची. मला ती द्यायला आवडायची. म्हणून सगळे मला मास्तर म्हणत.

माझा धडा काडतुसापासून सुरू व्हायचा. दारू काढून टाकलेलं एक काडतूस उभं कापून मी काउंटरवर ठेवलं होतं. खाली पितळी बूड, त्याच्या मधोमध टोपी. तिच्यावर फटका बसला की ठिणगी पडते. टोपीच्या वर दारू, दारूच्या वर बुच, बुचाच्या वर छर्रे आणि मग दुमडून बंद केलेलं तोंड. बुचाचं काम लोकांच्या लवकर ध्यानात येत नसे. दारू पेटल्यावर होणारा वायू छऱ्यांमधून निसटून जाऊ नये, सगळा जोर मागून एकदम बसावा, यासाठी ते असतं.

मग मी धान्याच्या वाट्या पुढे ओढायचो. छऱ्याचा नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, हे उलटं गणित नव्या माणसाला पचत नाही. आठ नंबर मोहरीएवढा. सहा नंबर बाजरीएवढा. ज्यांना नंबर नसून अक्षरं असतात त्यांतला सर्वांत मोठा हरभऱ्याएवढा. एका काडतुसात बाजरीएवढे पावणेतीनशेच्या आसपास मावतात, हरभऱ्याएवढे सहा-सातच. पाखरांना बारीक, मोठ्या जनावराला जाड. बारा बोअर म्हणजे काय, हेही कोणी ना कोणी विचारायचंच. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यांतला एक जिच्यात बरोबर बसेल, ती नळी बारा बोअरची. म्हणूनच वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक.

यानंतर माझी आवडती गोष्ट यायची, ती म्हणजे छर्रे कसे पसरतात. मी सांगायचो, लग्नात अक्षता टाकता ना, तसं. जवळून टाकल्या तर नवरानवरीच्या डोक्यावर पडतात, मांडवाच्या कडेवरून टाकल्या तर पुढच्या चार मामींच्या अंबाड्यात. नळीतून निघताना छर्रे एका गोळ्यात असतात, मग पावलापावलाला सुटे होत जातात. किती सुटे होतात त्याचा एक सोपा हिशोब आहे, पावलाला अंगठा. म्हणजे चाललेल्या प्रत्येक पावलामागे घेराची रुंदी एका अंगठ्याने, इंचभराने, वाढते. वीस पावलांवर वीस अंगठे, चाळीसवर चाळीस. लोक हे पाठ करून घरी जायचे आणि पुढच्या वेळी मलाच म्हणून दाखवायचे.

बंदुकीपुढे माणूस नको, हा पहिला नियम. तोही मी सांगायचो. पण अंगठ्यांचा हिशोब सांगताना माझा आवाज जास्त रंगायचा, हे आज मान्य करतो.

त्या हिशोबात मी एक अट गाळायचो. तो हिशोब चोक असलेल्या नळीचा आहे. बहुतेक नळ्या तोंडाजवळ, शेवटच्या दोनेक इंचांत, केसभर अरुंद केलेल्या असतात. त्या अरुंदीला चोक म्हणतात. अरुंद दारातून बाहेर पडलेली माणसं बाहेर आल्यावरही थोडा वेळ रांगेनेच चालतात, तसे छर्रे चोकमधून निघाल्यावर लांबपर्यंत एकत्र राहतात. चोक नसेल तर ते बाहेर पडल्याबरोबर फाकतात. शिवाय नळीत घासून वाकडेतिकडे झालेले काही छर्रे घेराच्याही बाहेर जातात. आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ सगळ्या बंदुकांना चोक असायचा, त्यामुळे अट सांगायची गरज पडत नाही असं मी धरून चाललो होतो.

द्राक्षाचा मळा ज्यांचा होता ते घर तीन पिढ्या बेंगळुरूत रुळलेलं होतं. मराठी बोलायचे, पण वाक्याला दोन कन्नड शब्द लागल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं व्हायचं नाही. थोरल्याला सगळे अण्णा म्हणत. धाकट्याला अण्णांनी कन्नड पद्धतीने तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायला सुरुवात केली आणि मग मळ्यावरचे गडीही त्याला तम्माच म्हणू लागले. अण्णा तेव्हा अडतीस वर्षांचे, तम्मा चोवीसचा. आई लवकर गेल्यामुळे तम्माला अण्णांनीच वाढवलं होतं. काडतुसं घ्यायला दोघं एकाच स्कूटरवर यायचे. तम्मा मागे बसून अण्णांच्या गाडी चालवण्यावर टोमणे मारत आलेला असायचा.

एका हंगामाच्या सुरुवातीला अण्णा एकटे आले आणि कापडात गुंडाळलेली बंदूक काउंटरवर ठेवली. तोंड ओशाळलेलं.

"मास्तर, रागवू नका. स्वल्प गडबड झाली."

एकनळी बारा बोअर. मळ्यात कोणीतरी ती तोंड खाली करून ओल्या मातीत टेकवली होती. तोंडात चिखल बसला, तो न बघता बार काढला आणि नळीचं तोंड फुगून चिरलं होतं. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. अण्णांना बंदूक शनिवारपर्यंत हवी होती, कारण निळी द्राक्षं भरत आली होती आणि साळुंक्यांच्या झुंडी उतरायला लागल्या होत्या.

मालक मुलीच्या सोयरिकीसाठी हुबळीला गेले होते. दुकान त्या आठवड्यात पहिल्यांदाच माझ्या एकट्यावर होतं. मी आमच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने नळीवरून बोट फिरवलं आणि चिरलेला भाग कापावा लागेल म्हणाला. अडीच इंच. कापून, घासून, नेम धरायची पुढची माशी पुन्हा बसवून देतो. मग आपल्या दख्खनीत म्हणाला, "चोक जाता देखो इसमें. पेपर पे मारके देखना पडता."

कागदावर मारून बघणं म्हणजे मोठा कागद ताणून लावायचा, ठरावीक पावलांवरून त्यावर बार काढायचा आणि भोकं किती रुंदीत पसरली ते मोजायचं. त्यासाठी शहराबाहेरच्या खाणीत जावं लागायचं, सबंध दिवस मोडायचा, आणि दुकान सोडून जायला मागे कोणी नव्हतं. मी मिस्त्रीला म्हटलं, नंतर बघू.

शनिवारी अण्णा आले. नळी उजळली होती, काप सरळ होता. त्यांनी ती खांद्याला लावून पाहिली.

"काही फरक?"

"काही नाही, अण्णा. अडीच इंच आखूड झाली, एवढंच."

"हिशोब तोच?"

"तोच."

"पावलाला अंगठा," ते हसून म्हणाले. मी मान हलवली.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. सकाळची वेळ. मळ्यात दगडी खांबांवर तारांचा मांडव. साळुंक्या मांडवाच्या मधल्या तारेवर ओळीने बसायच्या आणि माणूस आला की घडात शिरायच्या. म्हणून दोघा भावांनी ठरवलं की तम्माने पलीकडच्या टोकाला, विहिरीजवळ, डबा वाजवायचा. पाखरं तारेवरून उठली की अण्णांनी अलीकडून बार काढायचा. पाखरं तीस पावलांवर, तम्मा साठ पावलांवर. अण्णांनी हिशोब केला. साठ पावलांवर साठ अंगठे, म्हणजे पाच फुटांचा घेर. नेमाच्या रेषेपासून एका बाजूला अडीच फूट. त्यांनी ते दुप्पट केलं आणि तम्माला रेषेपासून पुरते पाच फूट बाजूला, एका खांबाशी उभं केलं. खांबावर चुन्याने खूण केली, की इथून हलायचं नाही.

तम्मा हलला नाही. अण्णांनी बार काढला. दोन साळुंक्या पडल्या. छर्रे पाखरांपाशी थांबत नाहीत, ते पुढे जातात आणि पुढे जाताना आणखी पसरतात. तम्माला तीन लागले. एक शर्टाच्या कॉलरवर लागून खाली पडला, कापडसुद्धा फाटलं नाही. एकाने गालावर नुसता लाल ठिपका उठला. एवढ्या लांबून बाजरीएवढ्या छऱ्यात जोर उरत नाही. तिसरा डोळ्यात गेला, आणि डोळ्याला जोर लागत नाही.

चौथ्या दिवशी फौजदार बंदूक घेऊन दुकानात आले. बरोबर अण्णा आणि त्यांचे वडील. मालक अजून हुबळीलाच होते. फौजदारांना मळ्यातल्या खांबांचं अंतर पाठ होतं. त्यांनी कन्नडमध्ये सरळ विचारलं, पाच फूट बाजूला उभ्या असलेल्या माणसाला या बंदुकीतून छर्रे लागू शकतात का?

त्या क्षणी मला मिस्त्रीचं बोलणं आठवलं. पुढचंही दिसलं. न तपासता बंदूक परत दिल्याबद्दल दुकानाचा परवाना अडकणार, मालक मला काढणार, घरी दोन लहान मुलं. मी नळी डोळ्याला लावली, आरपार पाहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, "बंदूक ठीक आहे. साठ पावलांवर अडीच फुटांच्या बाहेर छर्रे जात नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे चाप ओढताना नळी त्या बाजूला वळली असणार."

अण्णा बाकावर बसले होते. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. नळी त्या हाताने धरतात. वडील बाकावर अण्णांपासून थोडे सरकून बसले.

इस्पितळात तम्मा सगळ्यांना सांगत होता की नळी माझ्याकडे वळलेली नव्हती, मी बघत होतो. लोक म्हणाले, पोरगा भावाला वाचवतो आहे. त्या वर्षी घरात मळ्याच्या वाटणीची बोलणी चालली होती, त्यामुळे काहीजण याहून वाईटही बोलले. मग वडिलांनी तम्माला सांगितलं की बंदुकीच्या दुकानातल्या जाणत्या माणसाने काय सांगितलं. त्यानंतर तम्माने ते म्हणणं सोडलं. पोलिसांनी अपघात म्हणून कागद बंद केला. अण्णांनी परवाना परत केला, बंदूक आमच्याच दुकानात जमा केली, मळ्यावरचा हक्क लिहून दिला आणि चिकपेटला सासऱ्यांच्या कापडाच्या दुकानात बसायला लागले. तम्माच्या लग्नाला ते आले नाहीत. त्यांना बोलावलंही नव्हतं.

बंदूक जमा झाल्यावर महिन्याभरात एका रविवारी मी ती परवानगीने खाणीत नेली. चिकपेटहून खाकी कागदाचे ताव आणले होते. ते एकमेकांना चिकटवून दहा फूट रुंद केले, दोन बांबूंना ताणले आणि साठ पावलांवरून सहा नंबरचा बार काढला. मिस्त्री सोबत आला होता. टेपचं एक टोक त्याने धरलं. भोकं नऊ फुटांत पसरली होती, आणि दोन-तीन चुकार भोकं त्याच्याही बाहेर, अगदी कागदाच्या कडेला. रेषेपासून पाच फुटांवर.

"बोला था ना," मिस्त्री म्हणाला. त्याने मला एवढंच ऐकवलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. तो कागद मी तिथेच जाळला.

त्यानंतर मला सांगायला भरपूर दिवस होते. मालक वारले, दुकान विकलं गेलं, माझी नोकरी संपली. भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकदा मुलीच्या लग्नाच्या साड्यांसाठी चिकपेटला गेलो असताना अण्णांनी मला गर्दीतून हाक मारली. दुकानात बसवलं, ताक मागवलं. बायकोने साड्या निवडेपर्यंत आम्ही बोलत होतो. निघताना ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही तेव्हा खरं बोललात म्हणून बरं झालं. नाहीतर मी आयुष्यभर बंदुकीला दोष देत बसलो असतो." मी ताक संपवलं आणि पिशव्या उचलल्या.

गेल्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला. डोळ्यांच्या दवाखान्यात आम्हा म्हाताऱ्यांना बाहुली मोठी करायचे थेंब घालून एका ओळीत बसवलं होतं. माझ्या शेजारचा माणूस नर्सशी कन्नडमध्ये बोलत होता. "अक्का, जपून घाला. माझा स्टॉक संपलाय, हा शेवटचा पीस." ती हसली. मग माझं नाव पुकारलं गेलं आणि तो माणूस माझ्याकडे वळला. त्याचा उजवा डोळा काचेचा होता.

"मास्तर का?"

मी हो म्हटलं. माझ्या डोळ्यांत थेंब होते, त्याचा चेहरा धूसर दिसत होता.

"मी तम्मा."

त्याला ऑपरेशनची भीती वाटत होती आणि ती लपवायची नव्हती. एकाच डोळ्यावर चालवायचंय, पुढच्या शुक्रवारी, आणि डॉक्टर म्हणतात तशी काळजी नाही, पण हमी कोण देणार. एचएसआर लेआउटला मुलीकडे असतो म्हणाला आणि नर्सकडून पत्ता लिहून दिला. "मुलगी म्हणते, आधी अण्णाला एकदा बघून ये. मी म्हटलं, पंचेचाळीस वर्षं बघितलं नाही, आता कशाला. त्याने मुद्दाम केलं असं मी कधी म्हटलं नाही हो, मास्तर. पण हात हलला तर माणूस येऊन सांगतो की हात हलला. तो गप्प निघून गेला."

मी घरी आलो. दोन दिवस विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. दोन दिवस मी फक्त त्याच्या मुलीचा पत्ता लिहिलेला कागद उशाखाली ठेवून होतो. तिसऱ्या दिवशी ऑटो केली.

मुलीने दार उघडलं. कानाला हेडफोन, ऑफिसचं काम घरूनच चाललेलं. चहा देऊन ती आतल्या खोलीत गेली. मी तम्माला चिखलापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. अडीच इंच, मिस्त्रीचं बोलणं, फौजदार, खाणीतला कागद, चिकपेटचं ताक. तो मधे एकदाच बोलला. नऊ फूट म्हणजे बाजूला किती, असं विचारलं.

"साडेचार. आणि चुकार छर्रे पाचपर्यंत."

त्याने टीपॉयवर बोटाने एक रेघ ओढली आणि तिच्या बाजूला बोट टेकवून ठेवलं.

"नळी माझ्याकडे वळलेली नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"मी बघत होतो. या डोळ्याने शेवटचं तेच बघितलं, मास्तर. आणि मग तुमचं बोलणं ऐकल्यावर मीच म्हटलं, मला नीट दिसलं नसेल. तुम्ही बंदुकीतले जाणते."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"अण्णालाही तुम्ही हेच पटवलंत. त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला, माझा डोळ्यावरचा."

मी उठायला लागलो. त्याने हाताने बसा म्हटलं.

"जाता कुठे. तुमच्यावर रागवायला माझ्याकडे वेळ नाही, शुक्रवार आलाय. मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा."

"चल, आताच जाऊ."

"त्याला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली, मुलगी त्याच्या घरच्यांशी बोलते तेव्हा कळतं. मशीन लावत नाही, कान खाजतो म्हणतो. वाचतो मात्र. लिहून द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात. खाली सही करा."

मी तिथेच त्याच्या मुलीच्या प्रिंटरमधले कागद घेऊन लिहायला बसलो. पहिलं पान वाचताना तम्माने ते डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरलं. मी लिहिलं होतं, "दुरुस्तीत दुर्दैवाने नळीचा चोक निघून गेला."

"आपोआप निघून गेला?" तो म्हणाला. "चपलेचा अंगठा आहे का तो? कोणी काढला ते लिहा."

मी दुर्दैवाने हा शब्द खोडला आणि लिहिलं की मी तो कापायला सांगितला, मिस्त्रीने बजावल्यावरही तपासला नाही, आणि पोलिसांपुढे बंदूक ठीक आहे असं जाणूनबुजून खोटं बोललो. दुसऱ्या पानाच्या शेवटी त्याने पुन्हा थांबवलं.

"ताकाचं गाळलंत."

"ते त्यांना माहीतच आहे."

"तो काय म्हणाला ते त्याला माहीत आहे. ते ऐकून तुम्ही गप्प बसलात, हे माहीत नाही. लिहा."

तीन कागद झाले. मी म्हटलं, मीही बरोबर येतो. त्याने नको म्हटलं. "तुम्ही समोर असलात तर तो तुमचा पाहुणचार करत बसेल. त्याचा स्वभाव आहे."

बुधवारी सकाळी मुलीने त्याला ऑटोत बसवून मेट्रोपर्यंत पाठवलं. चिकपेटच्या स्टेशनात उतरून तो विचारत विचारत दुकानापर्यंत गेला. मला हे त्याने संध्याकाळी फोनवर सांगितलं. मी सकाळपासून फोन घेऊन बाल्कनीत बसून होतो आणि सूनबाईने दोनदा जेवायला बोलावलं होतं.

"पोचलो होतो, मास्तर. आता घरी आलो."

"ओळखलं?"

"त्याने लांबूनच. मला त्याचा चेहरा ओळखायला वेळ लागला, बसल्या जागेवरून ओळखला. गादीवर होता. दुकानात एक बाई ब्लाऊजपीस बघत होती. मी कागद त्याच्या हातात दिले."

"वाचले?"

"वाचले. मग चष्मा धोतराला पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. बाई म्हणाली, अहो, हा रंग जाईल का? त्याला ऐकूच आलं नाही. शेवटी मीच सांगितलं, जाणार नाही. जाईल का नाही देव जाणे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी बाकावर बसलो होतो. गादी माझ्या उजव्या हाताला येते. मला तो दिसत नव्हता, मान पूर्ण वळवावी लागत होती. त्याच्या ते ध्यानात आलं असणार. तो गादीवरून उतरला, फार हळू उतरतो आता, आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बाकावर बसला. गिऱ्हाइकांच्या बाकावर. आपल्या दुकानात."

"काय बोलले?"

"तो काय बोलणार, आणि मी बोललेलं त्याला काय ऐकू येणार. बसलो. त्याने माझा हात घेतला आणि आपल्या डाव्या मनगटावर ठेवला. असाच. हात स्थिर आहे ते दाखवल्यासारखा. जेवण तिथेच झालं. शुक्रवारी दवाखान्यात येतो म्हणालाय. त्याच्या नातवाला सांगितलंय टॅक्सी बोलवायला."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "माझ्याबद्दल काही?"

"निघताना विचारलं एक. हे अजून कोणाला सांगितलंय का मास्तरने, असं. मी मानेनेच नाही म्हटलं."

"मग?"

"मग म्हणाला, तेव्हा ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांतले काही अजून आहेत. त्यांच्यासाठीही लिही म्हणावं. घरच्या तीन कागदांनी होणार नाही. एवढंच. रागाने नाही म्हणाला. कपडा मोजून द्यावा तसं म्हणाला."

मी कन्नडमध्येच होकार दिला, "सरी."

"सरी, मास्तर. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसलो. अण्णांचा हात हलला नव्हता. त्यांनी बंदूक सरळ धरली होती, अंतर दुप्पट ठेवलं होतं, आणि ज्या हिशोबावर ते विसंबले तो हिशोब मी त्यांना चुकीचा दिला होता. त्या वेळी माझ्या दुकानात, मळ्याच्या आसपास किंवा त्या घरच्या लग्नाकार्यात ज्यांनी माझं म्हणणं ऐकून मान डोलावली, त्यांनी हे वाचावं आणि आपापल्या घरी सांगावं.